अकरा शब्दांत सुखरूप

२ ऑक्टोबर, सोमवार

पोचले. दोन दिवस आगगाडी, मग बोट आणि शेवटचे सहा तास ट्रकमध्ये पिठाच्या पोत्यांवर बसून. उतरले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झाले होते. न्यायला आलेल्या बाईंनी मला ब्लँकेट दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि निर्वासितांच्या रांगेत उभं केलं. मी मदत घ्यायला नाही, करायला आलेय, हे त्यांना पटवण्यात पंधरा मिनिटं गेली. पटल्यावर ब्लँकेट मात्र लगेच काढून घेतलं.

या बाई म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख. पूर्वी शाळेत खेळ शिकवायच्या. गळ्यात अजून शिट्टी आहे आणि ती शोभेची नाही. मी मनात त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलं आहे.

चिरंजीवांचं म्हणणं, एकसष्टाव्या वर्षी लढाईच्या गावी जायचं काय नडलंय. सूनबाई तर निघताना दारात उभी राहून नुसती माझ्या पिशवीचा बंद सोडत होती आणि बांधत होती. मी म्हटलं, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तुमच्या घरातली सगळी कपाटं मी चारचारदा लावून झाली, आता दुसऱ्यांची लावते.

पोचल्याचं कार्ड टाकलं: ‘पोचले. ठीक.’ दोन शब्दांत काम झालं.

३ ऑक्टोबर, मंगळवार

आमचं कार्यालय म्हणजे नळ-बेसिनांचं दुकान. मालक पळून गेला, माल राहिला. मी ज्या टेबलाशी बसते त्याच्या डाव्या हाताला सहा वॉशबेसिनं आणि उजव्या हाताला दोन बाथटब आहेत. एका टबात जाणारे निरोप, दुसऱ्यात आलेले. काल एक दमलेले आजोबा जाणाऱ्या निरोपांवर झोपून गेले होते, त्यांना उठवणं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

इथली परिस्थिती अशी. मधे नदी. अलीकडे एक सैन्य, पलीकडे दुसरं. पूल बंद, दोन काठांमधला फोन बंद, टपाल बंद, आणि निम्म्या घरांची अर्धी माणसं या काठाला तर अर्धी त्या. भाषा दोन्हीकडे आपलीच, फक्त वाक्याच्या शेवटी हेल काढतात. दर गुरुवारी पांढरं निशाण लावलेली आमची एक गाडी पूल ओलांडून जाते आणि संध्याकाळी परत येते. तिच्यातून घरच्यांना निरोप धाडता येतो. अटी तीन: पंचवीस शब्दांच्या आत, फक्त घरगुती मजकूर, आणि तपासनिसाचा शिक्का.

पंचवीस शब्द, हे ऐकलं आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. चौतीस वर्षं तारखात्यात खिडकीवर बसले मी. लोक पानभर मजकूर घेऊन यायचे आणि मी त्याच्या सात शब्दांत मुसक्या आवळायची. त्या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. शिट्टीबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी निरोपांचं टेबल ताबडतोब माझ्या हवाली केलं.

५ ऑक्टोबर, गुरुवार

पहिली गाडी गेली. तीन दिवसांत एकशे बारा निरोप लिहिले. शिट्टीबाई म्हणाल्या, आधीच्या मुलीला यातले निम्मे जमत नव्हते. ती मुलगी लोकांचं ऐकत बसायची म्हणे.

माणसं कशी असतात बघा. एक गृहस्थ बायकोला विचारत होते की माझी तपकिरी विजार कुठे ठेवलीस. दोन महिने बायकोचा पत्ता नाही आणि याला विजार हवी. मी विजार काढून ‘खुशाली कळव’ घातलं. दुसरे एक शिडीवरून भावाशी भांडत होते. शिडी त्या काठाला, भाऊ त्या काठाला, हे या काठाला. त्यांची शिडीही मी उडवली. ‘सर्व क्षेम. आठवण येते.’ ते कागदाकडे बघून म्हणाले, पण मला आठवण येते असं मी कुठे म्हटलं? मी म्हटलं, येत नाही का? तर बराच वेळ बेसिनाचा नळ सोडत-बंद करत राहिले. त्या नळाला पाणी नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

आज एका म्हातारबाईंनी माझा सबंध सकाळचा वेळ खाल्ला. काखेत कोंबडी घेऊनच आल्या. सगळं केंद्र त्यांना कोंबडीवाली म्हणतं. पूल बंद झाला त्या दिवशी त्या कोंबडी विकायला अलीकडे आल्या होत्या आणि इथेच अडकल्या. लेक पलीकडे राहिली. लेक शिवणकाम करते, लग्न केलेलं नाही, दोघीच घरात. बाप बारा वर्षांपूर्वी गेला, तेव्हा ही मुलगी दुसऱ्या गावी शिवण शिकत होती.

बाईंच्या तोंडाचा पट्टा म्हणजे काय सांगावं. लेक कशी आळशी, मशीनला तेल घालत नाही, खिडकीला फट आहे ती बुजवत नाही, शेजारणीवर विश्वास ठेवते, थंडीत स्वेटर घालायला सांगितलं की तोंड वाकडं करते. एक तास झाला तरी बाई निरोपापर्यंत आल्याच नाहीत. मी तीनदा म्हटलं, आजी, निरोप काय द्यायचा? त्या म्हणाल्या, अगं मग मघापासून काय देतेय?

त्यांना उद्या या म्हणून वाटेला लावलं. कोंबडीने आलेल्या निरोपांच्या टबात एक अंडं घातलं होतं. शिट्टीबाईंनी त्याची नोंद ‘किरकोळ देणग्या’ या सदरात केली.

१० ऑक्टोबर, मंगळवार

मोठी बातमी. दोन्ही सैन्यांनी कबूल केलंय, पलीकडच्या ज्या बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं कुणी अलीकडे आहे त्यांना आमच्या बसने आणता येईल. दोनच फेऱ्या: वीस तारखेला आणि तीन नोव्हेंबरला. त्यानंतर पूल उडवणार अशी कुजबुज आहे. ज्याला यायचंय त्याने स्वतः यादीवर सही करायची, कुणाला जबरदस्तीने आणायचं नाही.

कोंबडीवाली धावत आली. आज तिने कोंबडीही आणली नव्हती. म्हणाली, लेकीच्या गल्लीच्या टोकापर्यंत घरं पडलीत. तिला बोलावून घे गं बाई. एवढंच बोलली आणि मग पुन्हा मशीनचं तेल सुरू झालं.

तिचा चष्मा पळापळीत फुटलाय, त्यामुळे लिहिलेलं तिला वाचता येत नाही. ते एका परीने बरंच. मी तिला हो हो म्हणत गेले आणि लिहिलं ते असं:

‘सुखरूप आहे. काळजी करू नकोस. मिळेल त्या बसने ताबडतोब ये. आई.’

अकरा शब्द. चौदा शिल्लक. आमचे जुने तारमास्तर असते तर त्यांनी हा कागद खिडकीवर नमुना म्हणून डकवला असता.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

गाडी गेली. तपासनिसांबद्दल इतके दिवस नुसतं ऐकून होते, आज पाहिले. दुकानाच्या मागच्या खोलीत बसतात. हातात कातर, खोकला सदाचा. निरोपात संशयास्पद दिसलं की तेवढा तुकडा कापून टाकतात. त्या खोलीत विकाऊ आरसे लावलेले असल्याने ते खोकले की एकदम नऊ तपासनीस खोकतात. त्यांनी माझं कौतुक केलं. म्हणाले, तुमच्या निरोपांत कापायला काही उरतच नाही. मला बरं वाटलं. एक कातर दुसऱ्या कातरीचं कौतुक करणारच.

१६ ऑक्टोबर, सोमवार

सूनबाईचं पत्र आलं. सहा पानी. या मुलीला वेळ कसा मिळतो. शेजाऱ्यांकडे रंग कोणता दिला, दूधवाला काय म्हणाला, माझी खोली तिने अजून तशीच ठेवलीय, माझी उशी उन्हात टाकली. शेवटी लिहिते, ‘आई, तुम्ही नुसतं ठीक लिहिता ना, त्या दिवशी हे जेवत नाहीत, गच्चीवर फेऱ्या मारत राहतात.’

चिरंजीवांना पुन्हा पित्त झालेलं दिसतंय. कार्ड टाकलं: ‘जेवण हलकं ठेवा. ठीक.’

१९ ऑक्टोबर, गुरुवार

गाडी परत आली, यादीही आली. बसला बत्तीस जणी तयार. कोंबडीवालीच्या लेकीच्या नावापुढे ‘नकार’.

सोबत तिचा निरोपही आहे. पंचवीस शब्दांची मुभा असताना पोरीने पाचच वापरलेत: ‘आता तिकडे येऊन काय करू?’

मी वाचून दाखवला. कोंबडीवालीने पुन्हा वाचायला सांगितला. मग तिसऱ्यांदा. मी म्हटलं, आजी, पाचच शब्द आहेत, बदलणार नाहीत. ती उठली आणि गेली. काय हट्टी पोर आहे. आई इथे जीव टाकतेय आणि ही रुसून बसलीय. आपलेच दात, आपलेच ओठ, करणार काय.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

पहिली बस आली. बत्तीस जणी उतरल्या, रस्ताभर नुसता रडण्या-हसण्याचा कल्लोळ. शिट्टीबाईंनी शिट्टी तोंडात धरली होती पण वाजवेनात, कारण त्याही रडत होत्या. कोंबडीवाली फुटपाथवर बसून शेवटची बाई उतरेपर्यंत बघत राहिली. बसवाल्याने दार लावलं तरी बसलेलीच.

२३ ऑक्टोबर, सोमवार

तीन दिवस झाले, कोंबडीवाली बोलत नाही. जेवणाच्या रांगेत येते, ताट घेते, जाते. ज्या बाईला गप्प करायला मी इतकी धडपड केली ती मूग गिळून बसलीय आणि मला काम सुचत नाही. आज दोन निरोपांत एकमेकांच्या बायका घातल्या. वेळीच लक्षात आलं म्हणून बरं.

दुपारी मीच तिच्या शेजारी जाऊन बसले. रिकामं ताट बाजूला सारून ती म्हणाली, “मी काय लिहिलं होतं ते वाच बरं.”

मी नक्कल काढली आणि वाचली. खरं सांगायचं तर जराशा अभिमानानेच वाचली.

“हे मी कधी बोलले?”

मी समजावलं की सार तेच आहे.

“तेल कुठंय? खिडकी कुठंय? शेजारीण?” ती माझ्याकडे बघत राहिली. “आणि काळजी करू नकोस? अगं, तिला जन्मात कधी काळजी करू नकोस म्हटलं नाही मी. काळजी करत नाही हीच तर तिची खोड आहे.”

मग म्हणाली, इकडे खोटे निरोप पाठवून माणसं बाहेर काढतात आणि मागे घर लुटतात, असं पलीकडे सगळे बोलतात. हा कागद तिला कुणा परक्याचा वाटला असेल. मी म्हणाले, तुमचं नाव होतं की खाली. ती म्हणाली, खाली नुसतं ‘आई’ होतं. आई काय, सगळ्यांनाच असते.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझी तर बस रिकामी आली. बत्तीस जणी होत्या हे खरं, पण मला आज ती रिकामीच वाटतेय. चौतीस वर्षांत ज्यांचे शब्द कापले त्यांच्यापैकी कुणी परत येऊन मला काही विचारलं नव्हतं. तारेच्या खिडकीचा हा एक फायदा होता.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

आज ती बोलली आणि मी लिहिलं. जसंच्या तसं. दर वाक्याला पेन्सिल वळवळत होती, पण हात आवरला. कापायचं ते तिनेच कापलं. पंचवीसमध्ये बसवताना लेकीचं कोणतं वाईट ठेवावं आणि कोणतं गाळावं हे ठरवायला दुपार गेली. शेवटी हे ठरलं:

‘अगं गधडे, मशीनला तेल घातलंस का? खिडकीची फट तशीच असेल. लाल स्वेटर घालूनच बसमध्ये बस. शेजारणीला किल्ली देऊ नकोस, ती एक नंबरची खोटारडी. आई.’

मोजले. बरोबर चोवीस. एक उरला म्हटल्यावर ती इतकी खूश झाली की ‘तशीच’च्या आधी ‘अजून’ घालायला लावलं. म्हणाली, त्याशिवाय तिला लागणार नाही.

नंतर सूनबाईला कार्ड लिहायला बसले. त्याची तीन पानं झाली आणि सगळा उपदेशच. पाण्याची टाकी, गॅसची नळी, तिचं मोकळ्या केसांनी हिंडणं. वाचून माझी मलाच लाज वाटली, फाडणार होते. मग वाटलं, कागद वाया कशाला घालवा, आणि टपालात टाकून आले.

२५ ऑक्टोबर, बुधवार

तपासनिसांनी निरोप अडवला.

मला आत बोलावून कागद पुढे केला. चेहरा असा की जणू मी तोफच लपवून नेत होते. मशीन म्हणजे कोणतं मशीन? त्याला तेल कशासाठी? कोणत्या खिडकीच्या फटीतून कोण कुणावर नजर ठेवतंय? लाल रंग कशाची खूण? किल्ली कुठल्या गोदामाची? आणि ही शेजारीण म्हणजे आमच्या बाजूची की त्यांच्या? म्हणाले, इतक्या वर्षांत असा निरोप पाहिला नाही, हा नक्की सांकेतिक आहे. हे सगळं कापायचं तर ‘अगं गधडे’ आणि ‘आई’ एवढंच उरतं.

मी म्हटलं, खरं तर तेवढ्यानेही भागेल, पण भरवसा नको. मी खूप समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. उद्या गाडी जाणार, त्यानंतर बसच्या आधी गाडीची एकच फेरी, आणि तोवर यादी बंद झालेली असणार. शेवटी मी बाहेर गेले आणि कोंबडीवालीला त्यांच्यासमोर खुर्चीत बसवलं. म्हटलं, साहेब, तुम्हीच चौकशी करा.

साहेबांनी विचारलं, “मशीनला तेल, याचा अर्थ काय?”

तिने अर्थ सांगितला. वीस मिनिटं सांगितला. मशीन कुणी घेतलं, कधी घेतलं, तेल न घातल्याने सुई कितीदा मोडली. खिडकी. खिडकीतून वारा. वाऱ्याने सर्दी. सर्दीवरून तिचं लक्ष साहेबांच्या खोकल्याकडे गेलं आणि मग साहेबांचं काही खरं राहिलं नाही. गळ्याला काही गुंडाळत का नाही, आरशांच्या खोलीत ओल असते तिथे बसतोस कशाला, घरी विचारणारं कुणी आहे की नाही. साहेब एकदा म्हणाले की चौकशी मी करतोय. ती म्हणाली, कर की, मी कुठे अडवलंय, आधी ते वरचं बटण लाव.

नऊच्या नऊ तपासनिसांनी बटण लावलं. मग त्यांनी शिक्का उचलला आणि निरोप न कापता त्यावर उमटवला. मला बाहेर पडताना हळूच विचारलं, त्यांची लेक आली नाही तर त्या इथेच राहणार का? आवाज थोडा बसला होता. खोकल्यामुळे बसला असेल.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

गाडी निरोप घेऊन गेली. परतताना पुलाजवळ गोळे पडले. ड्रायव्हर बचावला, पण यादी किंवा उत्तरं काहीच मिळालं नाही. निरोप पोचता झाला एवढं मात्र तो शपथेवर सांगतो.

२ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी सोडलीच नाही. म्हणजे उद्याच्या बसमध्ये कोण आहे हे बस आल्यावरच कळणार. कोंबडीवाली आज पुन्हा गप्प. मी तिच्याजवळ बसून तासभर काहीबाही बडबडले. माझ्या सासूबाईंचं, ऑफिसचं, चिरंजीवांना लहानपणी झालेल्या गोवराचं. इतकं मी कुणाशी कधी बोलले नव्हते. तिने मधेच म्हटलं, “बरं बोलतेस की.” भीती वाटतेय, ती लिहून टाकते. पोरगी आली नाही तर ते माझ्या हातून झालेलं असेल.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

बस अकराला यायची ती तीनला आली. कोंबडीवाली सकाळी सातपासून फुटपाथवर. एकोणीस जणी उतरल्या. मी मोजत होते. मग दार रिकामं झालं आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. बसवाला आत कुणाला तरी ओरडत होता की सामान आणायची परवानगी नाही. आणि चादरीत गुंडाळलेलं शिवणयंत्र छातीशी धरून, दुपारच्या उन्हात घामाघूम झालेली, लाल स्वेटरातली एक बाई उतरली.

आई चार पावलं पुढे गेली. “बटणं वरखाली लावलीस,” ती म्हणाली.

लेक म्हणाली, तू निम्मी झालीस. आई म्हणाली, मशीन इकडे दे, तुझ्या हातून पडेल. लेक म्हणाली, कशाला, तुझ्या हातून पडेल. दोघींनी दोन बाजूंनी यंत्र धरलं, कुणीच सोडेना, आणि मग त्या यंत्रावर डोकी टेकून दोघी रडायला लागल्या. मीही रडले. लपवलं नाही. तपासनीस गळ्याला मफलर गुंडाळून दारात उभे होते, ते आरशांच्या खोलीत निघून गेले.

नोंद करायला दोघी माझ्या टेबलाशी आल्या. मी नाव लिहीत होते तेव्हा लेकीने विचारलं, पहिला निरोप कुणी लिहिला होता? मी म्हटलं, मी.

“बाबा गेले तेव्हा मी लांब होते,” ती म्हणाली. “तेव्हा मला अशीच तार आली होती. सगळे सुखरूप, काळजी करू नकोस, ताबडतोब ये. आले तर सगळं आटपलं होतं. हा कागद हातात आला आणि मी समजले, आई गेली. दोन आठवडे मी त्या घरात आईचं सुतक धरून बसले होते. मग येऊन काय करायचं होतं मला?” तिने स्वेटरची बाही वर ओढली. “मग दुसरा आला. ‘अगं गधडे’ एवढंच वाचलं आणि मटकन खाली बसले.”

तिच्या वडिलांची तार कुणी लिहिली असेल ते मला ठाऊक नाही. माझ्यासारखंच कुणीतरी खिडकीवर बसलेलं. अशा तारा मी स्वतः शेकड्यांनी पाठवल्यात. लोक यायचे, सांगायचे, माणूस गेलंय पण खरं लिहू नका, पोर प्रवासात धीर सोडेल. मग मीच शब्द सुचवायची. सुखरूप, काळजी नको, ताबडतोब ये. या तारेचा खरा अर्थ आमच्या खात्यात शिपायालाही माहीत होता. मला तर सगळ्यांत जास्त माहीत होता. आणि तीच तार मी एका जिवंत बाईच्या नावाने, तिच्यासमोर बसून, कौतुकाने पाठवली.

लेक अजून माझ्याकडे बघत होती. कोंबडीवालीने तिच्या दंडाला धरून तिला पुढे ढकललं.

“तिला काही बोलू नकोस गं,” ती म्हणाली. “नवीन आहे ती. शिकेल हळूहळू.”

मी हो म्हटलं आणि पुढच्या बाईला बसायला खुर्ची दिली.